रिडायरेक्शन प्लगिन: फुकटात लई कामाचं

कोल्हापुरात चप्पल लाईनला दुकान हाय आमचं, दिवाळीआधी साईट नवी केली आणि जुन्या लिंका सगळ्या बंद, गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरची जुनी लिंक उघडतंय तर ४०४, म्हंजे पान सापडत नाही, जीव तुटायचा बघून. मग वर्डप्रेसवर हे रिडायरेक्शन प्लगिन, म्हंजे साईटला जोडायचं जादा सॉफ्टवेअर, टाकलं, कुठली लिंक ४०४ देतीय ते त्याच्या लॉगमध्येच (नोंदींच्या यादीत) दिसतं, तिथनंच ३०१ लावायचा, म्हंजे जुनी लिंक कायमची नव्या पानावर वळती. सगळं होमपेजवर ढकलू नका हां, गूगल त्याला सॉफ्ट ४०४ धरतं, म्हंजे पान नसल्यासारखंच, कापशी चपलेची लिंक कापशीच्याच पानावर न्या. लॉगमध्ये डॉट ईएनव्ही (पासवर्ड वगैरे असणारी फाईल), पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस सांभाळायचं पान) असलं आमच्याकडं कधी नव्हतंच ते पण दिसलं, ते बॉट, म्हंजे आपोआप चालणारे प्रोग्राम, चाचपडत असतात, त्यांना ४०४च राहू दे. त्यांना अडवायला फायरवॉल वेगळी लागती. आणि लॉग थोडेच दिवस ठेवा, डेटाबेस फुगतो.