टँकचा ‘टू-ॲक्सिस स्टॅबिलायझर’ घेताय? पैसे देण्याआधी टेबलावर सरकवून बघा

१:१६ मापाच्या रिमोट टँकसाठी ‘टू-ॲक्सिस गन स्टॅबिलायझर’ (टँक हलला तरी तोफ उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना स्थिर ठेवणारं यंत्र) म्हणून म्हापसा-डिचोली भागात हातोहात एक काळी डबी विकली जातेय. किंमत साडेसहा हजार, पैसे आधी, यूपीआयने. अशा दोन डब्या फोडून पाहिल्या. एकातही जायरो, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, निघाला नाही.

विकणारा टँक टेबलावर ठेवतो, मागची बाजू हाताने सावकाश उचलतो आणि तोफेची नळी जमिनीला समांतर राहते. बघणारा तिथेच फसतो, कारण एवढं करायला जायरो लागतच नाही. डबीत एडीएक्सएल-३३५ आहे, म्हणजे ॲक्सिलरोमीटर, त्वरण मोजणारा सेन्सर. लेबलावरचं ‘थ्री-ॲक्सिस सेन्सर’ तसं खोटंही नाही, फक्त हे तीन अक्ष त्वरणाचे आहेत, फिरण्याचे नाहीत. टँक उभा असला की सेन्सरला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, त्यावरून कल काढता येतो. टँक सुटला की गोंधळ सुरू. अर्ध्या सेकंदात १ मीटर प्रतिसेकंद वेग घेतला तर सेन्सरला तो साडेअकरा अंशांचा चढ वाटतो आणि नळी खाली जाते. ब्रेक मारला की वर. म्हणजे सपाट जमिनीवर, जिथे नळी मुळात हललीच नसती, तिथे ही डबी तिला नमस्कार घालायला लावते.

आडव्या दिशेची तर बातच सोडा. टँक जागच्या जागी गर्रकन फिरवला तरी गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलत नाही, त्यामुळे ॲक्सिलरोमीटरला काही कळायचं कारणच नाही. डबीतून टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) मोटरसाठी लाल-काळी वायर बाहेर येते. तिची आतली टोकं कशालाच सोल्डर केलेली नव्हती. सोलून, थोडी वळवून डबीत ओतलेल्या राळेत (इपॉक्सीत) तशीच बुडवलेली.

राळ का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: गोव्याची खारी हवा, पावसाळा, पिना हिरव्या पडतात. पिना हिरव्या पडतात हे खरं. पण त्याला कन्फॉर्मल कोटिंगचा (सर्किटवरच्या संरक्षक थराचा) पातळ स्प्रे पुरतो, आणि त्यातून चिपवरचा नंबर वाचता येतो. उलट जायरोवर कडक इपॉक्सी ओतली तर ती सुकताना चिपवर ताण येतो आणि त्याचा शून्यबिंदू सरकतो. खरा सेन्सर बसवणारा माणूस त्यावर राळ ओतणार नाही. गंमत अशी की एमपीयू-६०५० या जायरो असलेल्या चिपचा साधा बोर्ड यापेक्षा महागही नाही. वाचवलेत ते कष्ट: टरेटसाठी दोन्ही दिशांना चालणारा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड) आणि ट्यूनिंगच्या चार रात्री.

घेण्याआधी बॅटरी लावून दहा सेकंद टँकला हात लावू नका, मग हे करा. टँक न कलवता टेबलावर झटक्याने पुढे-मागे सरकवा. नळी डुलली तर आत नुसता ॲक्सिलरोमीटर आहे. मग टँक सपाट ठेवूनच डावीकडे फिरवा, टरेट तेवढाच उजवीकडे गेला पाहिजे. तिसरी चाचणी सहसा कोणी करत नाही: टरेट नव्वद अंश आडवा करा आणि मागची बाजू उचला. आता टरेटच्या तुलनेत नळी जवळपास वर-खाली होता कामा नये. ती वर गेली तर सेन्सर टरेटमध्ये नसून खालच्या धडात आहे, आणि तो फक्त समोर बघतानाच कामाचा.

डबी उघडी असेल तर आर्डुइनो नॅनोला (छोटा प्रोग्रामेबल बोर्ड) सेन्सरची एसडीए पिन ए४ वर, एससीएल पिन ए५ वर जोडा आणि रजिस्टर हेक्स ७५, म्हणजे चिप आपली ओळख सांगते ती जागा, वाचा. एमपीयू-६०५० हेक्स ६८ सांगतो. ७० आलं तर तो एमपीयू-६५०० आहे, ती फसवणूक नव्हे, तोही चालतो. काहीच आलं नाही तर आधी वायरी तपासा, मग विकणाऱ्याला.

सोबतचा ‘मेटल गिअर’ एमजी-९०एस सर्व्होसुद्धा (नळी वर-खाली करणारी छोटी मोटर) चार स्क्रू काढून बघा. वरचं एक चाक पितळी, खाली सगळं प्लास्टिक, हा प्रकार सर्रास आहे.

एकच अक्ष हवा असेल तर त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन रणगाड्याचा स्टॅबिलायझर उभ्या दिशेपुरताच होता, दोन्ही अक्ष पुढे टी-५५ सारख्या रणगाड्यांना मिळाले. फक्त दाम एका अक्षाचेच द्या. आणि ‘दिशा कधीच सरकत नाही’ म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. एसीत कॅलिब्रेट करून टँक दुपारच्या उन्हात नेला की चांगला जायरोही हळूहळू सरकतो. टरेटच्या गिअरमध्ये ढिलाई असतेच, म्हणून थोडा डेडबँड (छोट्या फरकाकडे दुर्लक्ष करण्याची मर्यादा) ठेवावा लागतो, नाहीतर टरेट एका जागी थरथरत राहतो. टरेट पूर्ण गोल फिरवायचा तर वायरी पिळू न देणारी फिरती जोडणी, म्हणजे स्लिप रिंगही हवी.

पैसे गेलेच असतील तर डबी लगेच फोडू नका. ‘राळ फोडली, वॉरंटी गेली’ हे वाक्य याच बेतात बसवलेलं आहे. आधी वरच्या तिन्ही चाचण्यांचा न कापलेला व्हिडिओ घ्या, त्यात डबीचं लेबल दिसू द्या. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि ‘टू-ॲक्सिस’ लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. ऑनलाइन पैसे घेऊन माणूस गायब झाला असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करा. दुकानदार समोर आहे पण पैसे परत देत नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोडायची त्यानंतर, तीही कॅमेऱ्यासमोर. गरम हवेने राळ मऊ करा आणि लाल-काळ्या वायरच्या टोकापासून खरवडायला सुरुवात करा.