‘एकमेव’ कड्याचं जुळं भावंड

मोठ्या शहरात अशी एखादी वस्ती असतेच. जुन्या घरांच्या तळमजल्यावर छोटी बुटिकं, काचेमागे एकच जॅकेट आणि दोनच अंगठ्या, बाकी सगळी मोकळी जागा. साखळी दुकानांना कंटाळलेली माझ्यासारखी माणसं तिथे जातात आणि दोन पैसे जास्त, तेही आनंदाने, मोजून येतात. मी मोजले ते एका कड्यासाठी. चांदीचं, वर सोन्याचा मुलामा.

दुकानाच्या कोपऱ्यात कामाचं टेबल मांडलेलं. त्यावर बारीक करवत, कानशी, चिमटे, हातोडी, खाली चामड्याची झोळी. दुकानाच्या बाई म्हणाल्या, "ताई, हे मी स्वतः ठोकून केलंय. असं दुसरं मिळायचं नाही." कड्याच्या आतल्या बाजूला 925 चा शिक्का होता. हजारात 925 भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक वेळा तांबं, एवढं मला ठाऊक होतं. तेवढं ठाऊक असणंच बाधलं म्हणा, कारण शिक्का दिसला आणि माझे प्रश्न संपले. बिलावर ‘फॅशन ॲक्सेसरी, नग 1’ एवढंच लिहिलं होतं. धातू नाही, वजन नाही. घडी घालून पर्समध्ये टाकलं.

महिना झाला नसेल, कड्याची धार जिथे टेबलावर घासते तिथला मुलामा उडाला. खालून पांढरं दिसायला हवं होतं, दिसलं पिवळट. मनगटावर हिरवट वळही उठला. पण नुसत्या हिरव्या वळावरून कुणाला चोर ठरवू नका. अस्सल चांदीतल्या तांब्यानेही तो उठतो. मीही स्वतःची तशीच समजूत घातली.

मग एका सहकारी मैत्रिणीच्या हातात तसंच कडं दिसलं. दुसऱ्याच दुकानातलं, तिथेही ‘एकमेव’. दोन्ही शेजारी ठेवली. हातोडीचे ठोके एकास एक जुळत होते. तोंडाजवळ चंद्रकोरीसारखी एक खोक होती, तीसुद्धा दोन्हीवर, त्याच जागी. हाताने ठोकलेल्या दोन वस्तूंचे ठसे असे कधीच जुळत नाहीत. ठोके मूळ नमुन्यावर पडले होते, आणि साच्यातून अशी किती ओतली असतील कोण जाणे.

घरी एक प्रयोग केला. दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर कडं भरलं 42.6 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला आणि कडं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला, कडेला टेकणार नाही असं धरलं. काट्यावर 5.0 आलं, म्हणजे कड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. भागाकार साडेआठच्या आसपास. 925 चांदीचा साडेदहाच्या जवळ यायला हवा; साडेआठ हे पितळेचं घर. (वस्तू भरीव आणि बिनखड्याची असेल तरच हा हिशेब चालतो. पोकळ कानातल्यांवर करून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.) तरी खात्रीसाठी सोनारकाकांकडे गेले. त्यांनी आतून कानशीचा एक ओरखडा काढला, आम्लाचा थेंब सोडला, आणि थेंब हिरवा होऊन फसफसला. "शिक्का काय, कुणीही मारतं," एवढंच बोलले.

परत त्या दुकानात गेले तेव्हा आधी टेबल नीट पाहिलं. कानशीच्या दातांत धातूचा कणही नव्हता. चामड्याची झोळी कोरी करकरीत. खरा कारागीर त्या झोळीत चांदीचा भुगा जमवतो. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा विकत घेणारे असतात. हे टेबल नाटकातलं होतं, आणि पहिल्या दिवशी त्याच्यासमोर मी फोटो काढला होता!

बाईंचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. "आम्ही चांदी कुठे म्हटलं? 925 हा डिझाइन नंबर आहे." माझ्या बिलावर खरंच कुठे चांदी नव्हती.

तेवढ्यात हँगरवरच्या ‘आमच्याच’ जॅकेटची मान उलटून पाहिली. दुकानाच्या लेबलाभोवती सुईच्या भोकांची आणखी एक रिकामी चौकट होती. आधीचं लेबल उसवून हे शिवलेलं. बाजूच्या शिवणीतली धुण्याच्या सूचनांची पट्टीही कापलेली, नखाएवढं टोक तेवढं उरलं होतं.

सगळी बुटिकं अशी नसतात. त्याच गल्लीत एकीने मला न विचारता बिलावर ‘पितळ, सोन्याचा मुलामा’ असं लिहून दिलं, आणि ते कानातलं मी आवडीने घालते. पितळ वाईट नाही, चांदीच्या भावाने विकलेलं पितळ वाईट.

पैसे परत मिळणार नाहीत, वस्तू बदलून देऊ, असं बाईंनी सांगितलं. मी एक अंगठी उचलली आणि म्हटलं, "चालेल. फक्त बिलावर ‘चांदी 925’ असं लिहा, वजन टाका आणि सही करा." त्यांनी पेन उघडलं, बिलबुकाकडे पाहिलं, पुन्हा बंद केलं.

"मग राहू द्या, ताई," बाई म्हणाल्या.