घडीचं कन्फेशनल: जाळी ठीक, पाय कच्चे

कन्फेशनल म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये फादरजवळ पापं सांगायची, म्हणजे कन्फेशनची, जागा. तिचा हा घडीचा प्रकार: उभी लाकडी चौकट, मधोमध जाळी आणि बाहेरच्या अंगाला बिजागरीवर दुमडणारं गुडघे टेकायचं बाकडं, एवढाच ऐवज. मिटवून भिंतीला टेकवून ठेवता येतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चार-पाच फादर एकदम कन्फेशनला बसतात, रिट्रीटला (प्रार्थना-शिबिराला) हॉल वापरावा लागतो, पहिल्या कम्युनियनआधी मुलांची रांग लागते. तेव्हा हा उपयोगी पडतो. कायमच्या कन्फेशनलला मात्र तो पर्याय नाही. कॅनन (चर्चच्या कायद्यातलं कलम) ९६४ नुसार उघड्या जागी, पक्की जाळी बसवलेली कन्फेशनल असायलाच हवीत. १९७३ च्या कन्फेशनच्या नव्या विधीनंतर समोरासमोर बसून पापं सांगणं रुळलं, तरी ज्याला जाळीआडून सांगायचं आहे त्याचा तो हक्क कायम आहे.

म्हणून आधी जाळी बघायची, नक्षी नंतर. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी १५७७ मध्ये चर्चच्या बांधकामाच्या सूचना काढल्या, त्यात कन्फेशनलच्या जाळीचाही विचार होता. आजच्या घडीच्या चौकटीत बहुतेक वेळा लाकडी कोरीव जाळी येते. दिसायला सुरेख, पण भोकं एवढी मोठी की पलीकडचा चेहरा सहज ओळखू येतो. मग फादरच्या बाजूने कापड लावावं लागतं आणि तिथेच घोळ होतो. जाड मखमल लावली की आवाज दबतो, माणूस नकळत चढ्या आवाजात बोलतो आणि रांगेतल्या पहिल्या चौघांना सगळं ऐकू जातं. गडद रंगाच्या व्हॉइलचा, म्हणजे पातळ झिरझिरीत कापडाचा, एक थर पुरतो.

अर्थात, दिवा योग्य जागी असेल तरच. पातळ कापडातून अंधाराकडून उजेडाकडे दिसतं. कन्फेशनला आलेल्या माणसाच्या डोक्यावर ट्यूब पेटती असेल तर जाळी असून नसल्यासारखी. मंद दिवा फादरच्या बाजूला हवा. पश्चात्तापाच्या प्रार्थनेचं कार्ड वाचायला या बाजूलाही उजेड लागतो, पण तो झाकणाच्या छोट्या दिव्याचा, फक्त कार्डावर पडणारा. कार्डावरची अक्षरं १८ पॉइंटपेक्षा लहान नकोत. घाबरलेल्या माणसाला पाठ असलेली प्रार्थनाही आठवत नाही.

उंचीचा हिशोब फार थोडे बनवणारे करतात. जमिनीपासून १८ सेंटीमीटर उंच बाकड्यावर गुडघे टेकले की प्रौढ माणसाचं तोंड साधारण ११० ते १२० सेंटीमीटरवर येतं. ४५ सेंटीमीटर उंच खुर्चीत जाळीकडे कान करून बसलेल्या फादरचा कानही जवळपास तिथेच. तेव्हा जाळी ९५ ते १३५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात हवी. वरच्या कमानीत शोभेसाठी बसवलेली जाळी दोघांच्याही डोक्यावरून जाते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मात्र गुडघे टेकायला लावू नका, उभं राहू द्या. तोंड बरोबर जाळीशी येतं.

आता पायांची तक्रार. माणूस गुडघे टेकताना हातटेकणीवर भार टाकतो आणि उठताना तर सगळं वजन तिच्यावरच. चौकटीचे पाय दोन्ही बाजूंना किमान ४० सेंटीमीटर बाहेर आलेले नसतील तर ती फादरच्या अंगावर कलते. चाकं असली तर ब्रेकची हवीत. साधे नट महिनाभरात ढिले होऊन करकरू लागतात; नायलॉनचे लॉकनट टाकले की प्रश्न मिटतो. गादीला ४० डेन्सिटीचा, ५ सेंटीमीटर फोम घ्या. हलका फोम लवकर बसतो आणि गुडघ्याला फळी लागते. रेक्झिनच्या कडेला स्टेपलच्या पिना उघड्या नाहीत ना, हे हाताने चाचपून बघा.

चौकट कितीही चांगली असली तरी मांडणी चुकली की पैसे वाया. सर्रास होणारी चूक अशी: चौकट कोपऱ्यात लावतात आणि तिच्यापर्यंत जायची वाट फादरच्या समोरून असते. तोंड दाखवून मग जाळीमागे बसायचं, याला काय अर्थ? वाट मागून हवी. ज्याला समोर बसायचं त्याने पुढे वळून खुर्ची घ्यावी. गुडघेदुखी असलेल्यांसाठीही ती लागतेच. रांग चौकटीपासून किमान ३ मीटर दूर ठेवा आणि बोलणाऱ्याचं तोंड भिंतीकडे नको, कारण उघड्या भिंतीवरून आवाज उलटतो. मागे जाड पडदा किंवा खाली गालिचा असेल तर फरक कळतो. चौकटीची फळी आवाज अडवते या भ्रमात राहू नका. ती फक्त चेहरा झाकते.

काही महागड्या नगांत कमी ऐकू येणाऱ्यांसाठी इंडक्शन लूप, म्हणजे आवाज बिनतारी थेट श्रवणयंत्रात पोचवणारी तारेची वेटोळी, मिळतो. तो घेताना जपून, कारण आवाक्यात श्रवणयंत्र टी-कॉइलवर (लूपचा आवाज पकडणाऱ्या सेटिंगवर) ठेवून बसलेल्या दुसऱ्यालाही तेच ऐकू येऊ शकतं. कन्फेशनचं गुपित कॅनन ९८३ नुसार कधीच फोडता येत नाही, तिथे यंत्राने फोडलं हे कारण कोण ऐकणार? हेडफोनचा साधा तारेचा संच बरा. आणि मिस्सानंतर लगेच कन्फेशनला बसणार असाल तर झग्यावरचा कॉलर माइक नुसता बंद करू नका, काढून सॅक्रिस्टीत (फादरच्या तयारीच्या खोलीत) ठेवून या.