झिंक ऑक्साइडचे नॅनोकण: पानांचा अर्क, कॉस्टिक सोडा की सायट्रिक आम्ल?

झिंक ऑक्साइडचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) बनवण्याच्या या तीन पद्धतींतून निवड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: तयार पावडर भट्टीत ५०० अंश सेल्सिअसला जाणार आहे का? बराचसा निर्णय त्यातच होतो. पानांच्या अर्काचा मोठा गाजावाजा असतो तो कणांवर चिकटणाऱ्या वनस्पतिजन्य रेणूंचा, आणि त्या तापमानाला ते जळून जातात. ५०० अंशांना भाजलेल्या पावडरीवर ‘पॉलिफेनॉलचं आवरण’ (म्हणजे याच वनस्पतिजन्य रेणूंचा थर) आहे असं कुणी सांगितलं, तर मान डोलावू नका.

तुलनेसाठी तिन्ही पद्धतींत झिंक ०.०१ मोल धरू. त्यापासून जास्तीत जास्त ०.८१ ग्रॅम झिंक ऑक्साइड मिळतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पानांचा अर्क. धुतलेली, चिरलेली १० ग्रॅम पानं १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ७० अंशांना अर्धा तास ठेवून गाळून घ्या. खळखळून उकळू नका, उष्णतेनं फेनॉलिक घटकांचा काही भाग वाया जातो. ५० मिली अर्कात २.९७ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट विरघळवा, ढवळत ८० अंशांना लापशीसारखं घट्ट होईपर्यंत आटवा, मग ४०० ते ५०० अंशांना दोन तास भाजा. क्रुसिबल (भट्टीत ठेवायचं भांडं) एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका: नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र तापले की मिश्रण भसकन पेट घेतं, तपकिरी धूर निघतो. हे काम फ्यूम हूडमध्येच (धूर बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करायचं.

‘अर्क झिंकचं क्षपण करतो’ (म्हणजे झिंकच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचा धातू करतो) हे वाक्य शोधनिबंधांतही सर्रास दिसतं. चांदीच्या कणांबाबत ते खरं आहे, इथे नाही. ऑक्साइडमध्ये झिंक +२ याच आयन अवस्थेत राहतं. अर्कातले रेणू झिंकला धरून ठेवतात आणि भट्टीत त्या संयुगाचा ऑक्साइड होतो, इतकंच.

खरी डोकेदुखी म्हणजे पानं. ऋतू, पानाचं वय आणि वाळवण बदलली की कणांचा आकारही बदलतो. शिवाय पानांतलं पोटॅशियम, कॅल्शियम आणि सिलिका राखेच्या रूपानं पावडरीत उरतं. उत्पादन ०.८१ ग्रॅमच्या वर गेलं तर खूश होऊ नका, ती राख किंवा कार्बन आहे. करड्या रंगाची पावडर म्हणजे कार्बन उरलाय, आणखी भाजा. भट्टीतून काढताना पिवळसर दिसली तर मात्र घाबरू नका. झिंक ऑक्साइड गरम असताना पिवळं असतं, थंड झालं की पांढरं होतं.

कॉस्टिक सोडा. २.२ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट १०० मिली पाण्यात ६० ते ७० अंशांना ठेवा. त्यात कॉस्टिक सोड्याचं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं, ०.२ मोलर द्रावण थेंबथेंब सोडत सामू १०च्या आसपास आणा आणि दोन तास ढवळा. भट्टीशिवाय ऑक्साइड हवा असेल तर हाच सोपा रस्ता. तापमान कमी पडलं तर झिंक हायड्रॉक्साइड उरतं. सामू १३च्या वर गेला तर साका झिंकेट (पाण्यात विरघळणारं झिंकचं संयुग) होऊन परत विरघळू लागतो. धुणं मात्र कंटाळवाणं: सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगानं फिरवून कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) किमान तीनदा पाण्यानं, शेवटी एकदा इथेनॉलनं. इथेनॉल टाळलं तर वाळताना पाणी कणांना एकमेकांकडे ओढतं आणि गुठळ्या होतात.

सायट्रिक आम्ल. याची चर्चा कमी होते, पण पर्यावरणस्नेही हवं आणि दरवेळी तेच हवं असेल तर आमचं मत यालाच. २.९७ ग्रॅम झिंक नायट्रेट, २.१ ग्रॅम सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट, २५ मिली पाणी. ८० अंशांना जेल होईपर्यंत आटवा, १२० अंशांना वाळवा, ५०० अंशांना दोन तास भाजा. धुण्याचं पाणी जवळजवळ नाही, राख नाही. वाळताना जेल फेसासारखं फुगतं, म्हणून भांडं मोठं घ्या. नायट्रेटचा धूर इथेही आहेच.

आता उपयोग. गॅस सेन्सरला शुद्धता आणि स्फटिकता लागते: सायट्रिक आम्ल, किंवा नीट धुऊन भाजलेली कॉस्टिकची पावडर. रंगयुक्त सांडपाण्यावर प्रकाश-उत्प्रेरक (प्रकाशात रंगाचं विघटन घडवणारा पदार्थ) म्हणून तिन्ही चालतात, पण दिवा लावण्याआधी मिश्रण अर्धा तास अंधारात ढवळा. नाहीतर नुसतं पृष्ठभागावर चिकटलेला रंग ‘नष्ट झाला’ म्हणून मोजला जाईल. जीवाणूरोधक कामासाठी अर्काची, न भाजलेली किंवा कमी तापमानाला वाळवलेली पावडर घेण्यात अर्थ आहे, मात्र ती खरोखर ऑक्साइड आहे की नाही हे एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या चाचणीत) आधी पाहा: तांब्याच्या के-अल्फा क्ष-किरणांना ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर शिखरं दिसायला हवीत. चाचणीत नुसता अर्क आणि नुसतं झिंकचं क्षार, अशा दोन तुलना ठेवा. विरघळलेलं झिंकही जीवाणू मारतं.

त्याच कारणानं धुण्याचं पाणी थेट मोरीत ओतू नका. कुठलीही पद्धत असो, पाण्यातल्या जीवांना झिंक घातक आहे. सामू ९ ते १० करा, हायड्रॉक्साइडचा साका बसू द्या आणि गाळून वेगळा साठवा.