निळी रात्र की काळी रात्र?

ओपन-वर्ल्ड, म्हणजे मोठ्या जगात हवं तिकडे फिरता येतं अशा, फँटसी गेम खेळणाऱ्यांमध्ये रात्रीवरून सरळ दोन तट आहेत. एकीकडे निळी रात्र. आकाशात भलामोठा चंद्र, डोंगरांच्या कडा स्पष्ट, गवताचं पातं न् पातं दिसतंय, फक्त सगळ्यावर निळसर झाक. दुसरीकडे काळी रात्र. कंदिलाच्या वर्तुळात येईल तेवढंच जग, बाकी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा मिट्ट काळोख. स्कायरिम (2011), विचर 3 (2015) आणि ब्रेथ ऑफ द वाइल्ड (2017) पहिल्या जातीतले. एल्डन रिंग (2022) थोडा गडद, पण कूळ तेच. दुसऱ्या जातीचं ठळक नाव ड्रॅगन्स डॉग्मा (2012) आणि त्याचा 2024 मधला दुसरा भाग. शिवाय रात्र गडद करणारे मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेले, गेममध्ये बदल करणारे तुकडे) मिळतात, म्हणजे पहिल्या जातीतला गेमही दुसरीत नेता येतो.

तुम्ही नवा गेम निवडताय, किंवा हातातल्या गेमवर असा मॉड टाकावा की नाही या विचारात आहात, असं धरून लिहितो. मी दोन्हीकडे भरपूर रात्री काढल्या आहेत. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मला पटतं, म्हणून आधी तेच.

निळ्या रात्रीला कुणी सोपी किंवा खोटी म्हणून निकालात काढू नये. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्याला लाल रंग आधी मरगळलेला दिसतो आणि निळा तुलनेने उजळ वाटतो. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. मोजायला गेलं तर चांदणं सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच भरतं, तरी आपल्याला ते निळसर वाटतं, ते यामुळेच. सिनेमावाले भर दिवसा निळा फिल्टर लावून रात्रीचे प्रसंग घेत आले, गेमवाल्यांनी तीच भाषा उचलली. त्यामुळे निळा रंग दिसला की मन आपोआप रात्र समजतं.

दुसरं म्हणजे, हे गेम क्षितिजावर उभे असतात. लांबवर एखादा सुळका दिसतो, पडका मनोरा दिसतो, आणि पाय तिकडे वळतात. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये तर अख्खा खेळच या ओढीवर चालतो. तिथे पूर्ण दिवस-रात्र 24 मिनिटांत उरकते. त्यातली रात्रीची मिनिटं मिट्ट काळोखात घातली, तर दर थोड्या वेळाने खेळाचा श्वास कोंडेल. तिथे रात्र वेगळ्या रीतीने जाणवते, जमिनीतून सांगाडे वर येतात. एल्डन रिंगमध्ये काळ्या घोड्यावरचे स्वार फक्त रात्रीच रस्त्यांवर आणि पुलांवर भेटतात. म्हणजे अंधार कमी असला तरी रात्रीला स्वतःचं काहीतरी आहे, आणि हे मला मनापासून आवडतं. दिवसाकाठी तासभरच खेळायला मिळत असेल, तर त्यातली वीस मिनिटं चाचपडण्यात घालवायची नाहीत, हेही अगदी रास्त आहे.

आता माझा निर्णय ज्या एका कटकटीने झाला, ती सांगतो. ऐकायला किरकोळ वाटेल. गेमचं नाव घेत नाही, कारण निळ्या रात्रीच्या कुठल्याही गेममध्ये हे होऊ शकतं. मी तो बरेच आठवडे जीव लावून खेळत होतो. गुहा साफ करायची, सापडलेल्या तलवारी-चिलखतं पाठीवर लादायची, ओझं इतकं की पळणंसुद्धा बंद, आणि तसंच पाय ओढत गावात यायचं. दुकानाच्या दाराशी पोचावं, तर दारावर कुलपाची खूण. दुकान बंद. का? तर रात्र झालेली!

दर वेळी मला रात्र झाल्याचं कळायचं ते त्या कुलपावरून. रानातून येताना कळायचं नाही, ओढा ओलांडताना कळायचं नाही, लांडगे अंगावर आले तेव्हाही कळायचं नाही. मग वाट बघण्याचं बटण दाबायचं, बारा तास पुढे ढकलायचे, दार उघडायचं, माल विकायचा. हे किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण सवयच पडली होती. एकदा ते बटण दाबता दाबता थांबलो आणि मागे वळून गावाकडे पाहिलं. प्रत्येक खिडकीत दिवा होता. कुणीतरी बसून एकेका काचेमागे तो पिवळा उजेड ठेवला होता. खानावळीच्या दारावर कंदील टांगलेला, पुलाच्या तोंडाशी शेगडी पेटलेली. पण कुठल्याही दिव्याचा उजेड जमिनीवर पडलेला दिसत नव्हता, कारण जमीन आधीच निळ्या उजेडाने भरलेली. इतके दिवस त्या गावात येत होतो, आणि त्यातल्या एकाही दिव्याने मला वाट दाखवली नव्हती. सामान उघडलं तर अकरा मशाली निघाल्या. एकही कधी पेटवली नव्हती. सकाळ करून त्या तलवारींबरोबर विकून टाकल्या, आणि त्याच दिवशी रात्र गडद करणारा मॉड टाकला.

नंतर त्याच वाटेने त्याच गावाला गेलो. खिंड ओलांडेपर्यंत काहीच नव्हतं. मग खाली एक पिवळा ठिपका, थोडं उतरल्यावर दुसरा. तो ठिपका म्हणजे पुलावरची शेगडी, हे पूल पायाखाली आल्यावर कळलं. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. निळ्या रात्री मी नेहमी नकाशावरच्या खुणेकडे नाकासमोर सरळ निघायचो, टेकडी आडवी आली तर टेकडी चढून. काळ्या रात्री मी पहिल्यांदा रस्त्याने चाललो. हेडफोन लावलेले असले की फरसबंदीवर बुटांचा टकटक आवाज येतो, आणि रस्ता सुटला की तोच आवाज गवतात मऊ होतो. दोनदा भरकटलो, दोन्ही वेळा कानानेच परत आलो. ज्यांनी तो रस्ता आखला, त्यांच्या कष्टाचं चीज मला तेव्हा कळलं.

पण काळी रात्र म्हणजे नुसतं चित्र काळं करणं नव्हे, आणि इथेच पुष्कळांचा विरस होतो. ड्रॅगन्स डॉग्मामध्ये अंधार पेलतो, कारण त्याच्या भोवती पूर्ण व्यवस्था उभी केलेली आहे. कंदील कमरेला, म्हणजे दोन्ही हात मोकळे. त्याला तेल लागतं, ते संपतं, म्हणून निघण्याआधी कुपी मोजून घ्यावी लागते. पाण्यात भिजलात तर तो विझतो. दिवसा जिथून बिनघोर गेलात तिथे रात्री हाडांचे सांगाडे उठतात. त्यामुळे दुपार कलली की पोटात थोडं हलतं, आता परत फिरावं की पुढचा तळ गाठावा? हा प्रश्न निळ्या रात्रीच्या गेमने मला कधीच विचारला नाही.

त्यातला एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. तेल संपलं होतं, कुपी शिल्लक नव्हती, आणि गाव बरंच दूर. बरोबरच्या साथीदाराकडे त्याचा स्वतःचा कंदील होता. उरलेली रात्र मी त्याच्या कंदिलामागे चाललो. तो थांबला की मी थांबायचो, तो वळला की वळायचो. एरवी ज्याच्याकडे मी ढुंकूनही पाहत नव्हतो, त्या साथीदाराच्या पाठीवरच्या चामड्याच्या पट्ट्यांची घडण मला त्या रात्री पाठ झाली. तांबडं फुटलं तेव्हा खरोखर हायसं वाटलं.

याउलट काही मॉड फक्त चित्र गडद करतात. शत्रूची नजर दिवसाचीच राहते. तुम्हाला तो दिसत नाही, त्याला तुम्ही लांबून दिसता, आणि काळोखातून सूं करून बाण येतो. ही काळी रात्र घेण्यात अर्थ नाही. मॉड निवडताना त्याबरोबर दिव्यांचा उजेड वाढवला आहे का, कंदील कमरेला लावता येतो का, हे आधी बघा. हातात धरायची मशाल हे काळ्या रात्रीचं सर्वांत मोठं दुखणं आहे. स्कायरिममध्ये मशाल डाव्या हातात येते, म्हणजे ढाल गेली, दोन हातांनी धरायची तलवार गेली. शत्रू समोर आला की उजेड धरायचा की ढाल, हा पेच पहिल्या चार-पाच वेळा छान वाटतो, नंतर अंगावर येतो. एल्डन रिंगमध्ये फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतलेला कंदील कमरेला अडकवता येतो, तिथे हा प्रश्न सहज सुटतो.

काळ्या रात्रीची दुसरी अडचण गेममध्ये नसून तुमच्या टेबलावर आहे. सुरुवातीला गेम विचारतो, हे चिन्ह जेमतेम दिसेल इतका ब्राइटनेस ठेवा. आपण बहुतेक जण ते पटकन उरकतो. मग पहिल्याच रात्री काही दिसत नाही म्हणून स्लाइडर वर सरकवतो, आणि रात्र धड निळीही राहत नाही, धड काळीही नाही. राखाडी होते, जणू सगळ्यावर राख भुरभुरली आहे. काळ्या रात्रीला नावं ठेवणाऱ्या बऱ्याच जणांनी प्रत्यक्षात ही राखाडी रात्रच पाहिलेली असते, असा माझा अंदाज आहे. पडद्यांचे आयपीएस, व्हीए, ओएलईडी असे प्रकार असतात. साध्या आयपीएस मॉनिटरचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या ठिपक्यातलं प्रमाण, 1000:1 च्या आसपास असतो. खोलीत अंधार केला की त्याचा काळाही राखाडीच वाटतो. व्हीए पडद्यावर काळा अधिक काळा असतो, पण हलत्या गडद चित्रात मागे सावली ओढल्यासारखी दिसू शकते. ओएलईडीवर काळा पिक्सेल विझतोच, आणि तिथे कंदिलाचं वर्तुळ बघण्यासारखं असतं. मी आधी वर्षभर आयपीएसवरच काळी रात्र खेळलो आणि ती चालून गेली. एकच पथ्य पाळायचो, पडद्यामागे मंद दिवा लावून ठेवायचा. त्याने काळा गडद भासतो आणि डोळेही कमी दुखतात. दिवसा उघड्या खिडकीसमोर मात्र काळी रात्र खेळूच नये. पडद्यावर गेमपेक्षा आपलाच चेहरा जास्त दिसतो. माझ्याकडे दुपारच्या खेळासाठी मॉड बंद ठेवलेली वेगळी मांडणी आहे, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. ज्यांची नजर अधू आहे, किंवा जे गेम नेटवरून स्ट्रीम करून खेळतात (नेटवरून पाठवायला आकार कमी केलेल्या व्हिडिओत अंधाराचे चौकोनी ठोकळे पडतात), त्यांनी निळ्या रात्रीलाच धरून राहावं, असं मी प्रामाणिकपणे सांगेन.

मधली वाट आहे का? आहे. ब्रेथ ऑफ द वाइल्डचा पुढचा भाग असलेल्या टिअर्स ऑफ द किंगडमने (2023) जमिनीवरची रात्र निळीच ठेवली आणि खरा काळोख जमिनीखाली नेला. तिथे उजेडाची बीजं फेकत, भिंतींना चिकटवत पुढे सरकायचं, आणि एखादं प्रकाशमूळ जागं केलं की तेवढा भाग कायमचा उजळतो. तोडगा सुरेख आहे. पण मनात आलं तेव्हा वर निघून येता येतं, त्यामुळे रात्र आपल्यावर चालून येते ही धास्ती त्यात नाही. माइनक्राफ्टचं गणित आणखी वेगळं. तिथे अंधार हाच नियम आहे. 2021 च्या 1.18 आवृत्तीपासून मुख्य जगात (ओव्हरवर्ल्ड) बहुतेक राक्षस प्रकाशपातळी शून्य असेल तिथेच उपजतात, म्हणून मशाल लावणं म्हणजे जमीन आपल्या ताब्यात घेणं. पण त्यातही पलंग मिळाला की बहुतेक जण रात्र झोपून काढतात, आणि हा धोका सगळ्याच काळ्या रात्रींना आहे. तुमचा स्वभाव अंधार पडला की लगेच झोपण्याचं बटण दाबण्याचा असेल, तर काळी रात्र तुमच्यासाठी फक्त एक बटण वाढवेल. मग निळीच बरी.

मला विचाराल तर सर्वांत आवडते ती चंद्राच्या कलेनुसार बदलणारी काळी रात्र. अमावस्येला काहीच दिसू नये, पौर्णिमेला टिपूर चांदण्यात कंदील विझवून चालता यावं. काही मॉडमध्ये ही सोय असते. आकाशाकडे बघून, आज निघावं की उद्या, हे ठरवण्यात जी मजा आहे, ती मला दुसऱ्या कुठल्याच मांडणीत मिळाली नाही.

अजून मन ठरत नसेल तर एवढंच करून बघा. ओळखीचा गेम घ्या, ब्राइटनेस नीट लावा, मॉड टाका, आणि संध्याकाळी एका गावातून निघून दुसऱ्या गावाला चालत जा. घोडा नको, नकाशावरून उडी नको, झोपण्याचं बटण नको. एका रात्रीत कळेल. स्कायरिमवर करणार असाल तर तिथे एक मशाल साधारण 4 मिनिटं जळते आणि रात्र अर्ध्या तासाच्या आसपास चालते, म्हणून सात-आठ मशाली बरोबर घ्या, आणि गावात आधी सापडल्या असतील तर विकू नका.