पेन गप्प, वायर मात्र चालू: दोन टोकांच्या टेस्टरचा दोन वर्षांचा अनुभव

दाराच्या वरचा बोर्ड उघडून मी फायबरच्या शिडीवर उभी होते. 'बेडरूम' लिहिलेला एमसीबी, म्हणजे त्या लाईनचा पुरवठा तोडणारा खटका, खाली पाडला होता. वायरला न टेकवताच करंट दाखवतो तो पेन टेस्टर जवळ फिरवून बघितला. आवाज नाही, दिवा नाही. पक्कड हातात घेतली होती. दोन टोकांचा, म्हणजे टू-पोल टेस्टर नवाच आणला होता, म्हणून त्याची टोकंही एकदा फेज आणि न्यूट्रलच्या स्क्रूवर टेकवली, तर 230 पर्यंतचे सगळे दिवे लागले. शेजारच्या खोलीच्या एमसीबीवरची लाईन त्या बोर्डात आणलेली होती आणि कुठे तशी खूण केलेली नव्हती.

खाली उतरले, अनवाणी फरशीवर उभी राहिले आणि हात उंच करून तोच पेन त्याच वायरीला लावला. लगेच वाजायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. हा पेन वायरीभोवतीचं विद्युतक्षेत्र ओळखतो आणि त्यासाठी आपल्या अंगातून त्याचा जमिनीशी संबंध जुळावा लागतो. फायबरच्या शिडीवर तो नीट जुळत नाही. वायर लोखंडी पाइपातून गेली असेल तरी पेन गप्प, डीसी असेल तरी गप्प. पेन वाजला तर हात लावू नका, हे खरं. पण वाजला नाही, एवढ्यावरून वायर बंद आहे असं धरून हात लावू नका.

टू-पोल टेस्टरला दोन टोकं, मध्ये वायर, आणि एका मुठीवर 12, 24, 50, 120, 230, 400, 690 अशी दिव्यांची रांग. दोन्ही टोकं प्रत्यक्ष धातूला टेकवायची, म्हणजे अंदाजाचा प्रश्न उरत नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लोडचं बटण: ते दाबलं की टेस्टर वायरीतून थोडा करंट ओढून बघतो. टू-वे स्विचच्या एका वायरीत माझा मल्टीमीटर 70 व्होल्ट दाखवत होता आणि मी तासभर हैराण. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीमुळे तो नुसता भास होता, कारण डिजिटल मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. टेस्टरचं बटण दाबल्यावर दिवे विझले. खरा पुरवठा असता तर दिवे तसेच राहिले असते.

मी आता असं करते: आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर लावून तो दाखवतोय ना ते बघते, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा त्याच चालू सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर शेवटच्या फेरीत कळतं. मधल्या तपासणीतही फक्त फेज-न्यूट्रल बघून थांबत नाही. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थही बघते. न्यूट्रल कुठे तुटलेला असेल तर फेज-न्यूट्रलमध्ये शून्य येतं, बल्ब लागत नाही, आणि फेज मात्र पूर्ण चालू असतो. इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर तोही बंद करायचा, मेन स्विच पाडला म्हणून तिकडचा पुरवठा थांबतोच असं नाही. एमसीबीवर चिठ्ठी लावते आणि घरात सगळ्यांना ओरडून सांगते, कारण अंधार बघून कुणीतरी खटका वर करतंच.

तक्रारीही आहेत. दोन्ही हात गुंततात, शिडीवर हे जड जातं. फेज आणि अर्थमध्ये लोडचं बटण दाबलं की आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की पुरवठा तोडणारा खटका) पडतो, पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी जळालं. टोकांवरच्या टोप्या सैल आहेत. त्या घातल्या की धातू जेमतेम 4 मिलिमीटर उघडा राहतो आणि शेजारच्या स्क्रूला चुकून लागून शॉर्ट व्हायची भीती कमी होते. एक टोपी दोनदा हरवून सापडली. ती घट्ट बसायला हवी होती, कारण तिच्याशिवाय मी टोक बोर्डात घालत नाही.

बॅटरी संपली तरी 50 व्होल्टच्या वर पुरवठा असला की माझ्या मॉडेलवर वेगळा लाल दिवा लागतो. घेताना हे आणि मुठीवर कॅट थ्री (इमारतीच्या पक्क्या वायरिंगसाठीचा सुरक्षेचा दर्जा) लिहिलंय का, एवढं नक्की बघा. पेन मी फेकलेला नाही. भिंतीत ड्रिल मारण्याआधी तो फिरवते, आणि वाजला की ती जागा सोडते.