दोन सर्व्हो: वाय-केबल की वेगळे चॅनल?

रिमोटच्या मॉडेल विमानात पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी म्हणजे सर्व्हो; दोन सर्व्हो जोडायचे दोन मार्ग. वाय-केबल (एका तारेचे दोन फाटे) स्वस्त, रिमोटचा एकच चॅनल (सिग्नलची वाट) खाते, पाच मिनिटांत जोडून मोकळे. पण दोन्ही सर्व्होंना सिग्नल तोच, म्हणून सेंटर जुळवायचं तर सगळं हॉर्न (सर्व्होवर बसणारा हात) न् रॉडवरच (हॉर्नपासून पात्यापर्यंतची काडी), आणि २५ दात्यांच्या हॉर्नचा एक दाता म्हणजे तब्बल १४.४ अंश, बाकीची कसर रॉड फिरवून काढा.

वेगळ्या चॅनलला सेटिंगचा वेळ जातो खरा, पण सबट्रिम (सेंटरची बारीक जुळवणी), एंडपॉइंट (दोन्ही टोकांची हद्द) प्रत्येकाचे वेगळे, फ्लॅपरॉनही (दोन्ही पंखांची एलेरॉन पाती फ्लॅपसारखी एकत्र खाली करणं) जमतं.

एकाच सरफेसवर (हलणाऱ्या पात्यावर) दोन सर्व्हो असतील तर मात्र नीट ऐका, गुणगुणले की ते एकमेकांशी झुंजतायत, करंट ओढतात, तापतात. एक रॉड काढून सेंटरला आणि दोन्ही टोकांना रॉड न् हॉर्नचं भोक जुळतंय का बघाच!

साध्या ट्रेनरच्या (शिकाऊ विमानाच्या) एलेरॉनला वाय पुरे, मोठ्या थ्रीडी (कसरती करणाऱ्या) विमानाला वेगळे चॅनलच घ्या.